वजन सारखंच, चरबी वेगळी

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत काढलेले चरबीचे दोन तुकडे त्या दिवशी माझ्याकडे तपासायला आले. दोन्ही ओमेंटमचे, म्हणजे पोटात आतड्यांवर पसरलेल्या चरबीच्या पडद्याचे. दोघा रुग्णांचं वय आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, जवळपास सारखंच. पण एकाची साखर नॉर्मल, तर दुसऱ्याचा मधुमेह औषधांना दाद देत नव्हता. "चरबीत काही फरक दिसतोय का बघा," असं सर्जननी सांगून ठेवलं होतं.

स्लाइड करताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते, म्हणून चरबीपेशी मायक्रोस्कोपखाली पोकळ वर्तुळासारखी दिसते. पहिल्या स्लाइडवर अशी वर्तुळं एकमेकांना खेटून होती आणि फटींमध्ये तुरळक मॅक्रोफेज, म्हणजे मेलेल्या पेशी आणि कचरा गिळणाऱ्या संरक्षक पेशी. दुसऱ्या स्लाइडवर मात्र ठिकठिकाणी मॅक्रोफेजनी एकेका वर्तुळाला वेढा घातलेला. मॅक्रोफेज रंगवणाऱ्या सीडी६८ स्टेनमध्ये ते कडं तपकिरी उठून आलं. मग पेरिलिपिनचा स्टेन केला. जिवंत चरबीपेशीत तेलाच्या थेंबाभोवती असणारं हे प्रथिन वेढलेल्या वर्तुळांत नव्हतंच. त्या पेशी मेलेल्या होत्या आणि मॅक्रोफेज त्यांचं सांडलेलं तेल निपटत होते.

मॅक्रोफेज सडपातळ माणसाच्या चरबीतही असतात, आणि तिथे देखभालीचं काम करतात. चरबीपेशी फुगून मरायला लागल्या, की रक्तातून नव्या मोनोसाइट पेशी येतात, त्यांचे मॅक्रोफेज होतात आणि टीएनएफ-अल्फासारखी रसायनं सोडतात. त्यांमुळे इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत नीट पोचत नाही. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा वाढलेलं असतं, हे १९९३ मध्येच दिसलं होतं. ते मुख्यतः मॅक्रोफेजमधून येतं, हे २००३ मध्ये कळलं.

दोन स्लाइडवरून नियम काढता येत नाही, हे मी सर्जनना आधीच बजावलं. तरी फाइलमधल्या जुन्या नोंदी वाचून मला चीड आली. दरवेळी तेच, "आहारावर ताबा ठेवा." त्या माणसाच्या चरबीत एवढी जळजळ चालू होती आणि सगळा दोष त्याच्या तोंडावर!

सर्जननी स्वतः येऊन स्लाइड पाहिली. "वजन उतरल्यावर हे कमी होईल?"

त्वचेखालच्या चरबीत शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत मॅक्रोफेज घटलेले आढळले आहेत, ते मी सांगितलं. ओमेंटमचा तुकडा पुन्हा घेण्यासाठी त्या रुग्णाला परत भूल देणं कुणालाच पटणारं नव्हतं. साखर आणि सीआरपी, म्हणजे शरीरातली जळजळ दाखवणारं रक्तातलं प्रथिन, यांवर लक्ष ठेवायचं ठरलं.