चरा कोणता, गिटार कोणती

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका लहान स्टुडिओत मी जुन्या तबकड्यांचे डिजिटल रूपांतर करतो. २०२५ च्या फेब्रुवारीअखेरीस सत्तरी ओलांडलेल्या एक बाई ‘न्यूयॉर्क डॉल्स’ या ग्लॅम पंक (भडक वेशातला खडबडीत रॉक) बँडचा, बँडच्याच नावाचा पहिला अल्बम घेऊन आल्या. ‘मर्क्युरी’ने तो २७ जुलै १९७३ रोजी प्रकाशित केला आणि बाईंनी त्याच आठवड्यात विकत घेतला होता. वेष्टनावर पाचही तरुण बायकी वेशात, ओठ रंगवून कोचावर बसलेले आहेत. मागच्या बाजूला मॅनहॅटनमधील सेंट मार्क्स प्लेस या रस्त्याच्या कोपऱ्यावरील ‘जेम स्पा’ दुकानासमोरचे छायाचित्र आहे. बाई त्या काळी तिथून जवळच राहत. तबकडी इतक्या वेळा वाजली होती की तिच्यावर चऱ्यांचे जाळे झाले होते. “चरे काढा, पण गाण्यांना धक्का लावू नका,” एवढेच त्यांनी सांगितले.

शनिवारी, १ मार्चला, तबकडी धुऊन मी काम सुरू केले. चऱ्यांची खटखट काढून टाकणारे सॉफ्टवेअर आजूबाजूच्या ध्वनीशी न जुळणारी अचानक उसळी शोधते, ती कापते आणि मोकळी जागा शेजारच्या ध्वनीवरून अंदाजाने भरते. ‘लोनली प्लॅनेट बॉय’ या संथ गाण्यात त्याने चोख काम केले. ‘पर्सनॅलिटी क्रायसिस’मध्ये मात्र जेरी नोलनच्या ड्रमवरील काठीचा आघात आणि जॉनी थंडर्सच्या गिटारची धारही त्याला चराच वाटली. गाणे स्वच्छ झाले, पण त्यातला जीव गेला. यंत्राने केलेले सगळे पुसून मी एकेक खटका कानाने तपासू लागलो.

त्यातच बँडचा गायक डेव्हिड जोहान्सन आदल्या दिवशी गेल्याची बातमी आली. थंडर्स १९९१ मध्ये, नोलन १९९२ मध्ये, आर्थर केन २००४ मध्ये आणि सिल्वेन सिल्वेन २०२१ मध्ये गेले होते. वेष्टनावरच्या पाचांपैकी आता कोणीच उरले नव्हते. मी काही वेळ सुई उचलून ठेवली.

निर्माता टॉड रुंडग्रेनने हा अल्बम ‘रेकॉर्ड प्लांट’ स्टुडिओत अल्पावधीत पूर्ण केला. मिक्सिंग, म्हणजे वाद्यांच्या आवाजांचा मेळ, बिघडल्याची तक्रार थंडर्सनेच केली होती, आणि अल्बम बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या अल्बम-यादीत ११६ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. ‘क्रीम’ मासिकाच्या वाचकांनी तर एकाच वर्षी या बँडला सर्वोत्तम नवा आणि सर्वांत वाईट नवा, अशी दोन्ही मते दिली. त्या दिवशी काही सेकंदांचे तुकडे पुनःपुन्हा ऐकताना माझी खात्री पटली की तो गोंधळ हलगर्जीपणाचा नाही: दोन गिटारी एकमेकींवर धावून येतात, तरी कोणती केव्हा मागे सरते हे नेमके कळते. ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या सहा मिनिटांना मला चार तास लागले.

सोमवारी बाई आल्या. ‘ट्रॅश’मधला एक खटका मी तसाच ठेवला होता, कारण तो चरा की काठी हे मला ठरवता आले नव्हते. त्यांनी तो एकदाच ऐकला आणि म्हणाल्या, “हा चराच. त्र्याहत्तर साली हा नव्हता.” मी तो त्यांच्यासमोरच काढला.