फणसाचा पाय

आमचं काम जुन्या फर्निचरची नवी जोडी करून देण्याचं. मूळ वस्तू आठ-पंधरा दिवस वर्कशॉपमध्ये ठेवून घ्यायची, मापं काढायची, तशीच दुसरी करायची. लाकूड शक्यतो पाडलेल्या वाड्यांचं घेतो. तुळया, चौकटी, मोडके पलंग, जे मिळेल ते. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड नंतर दगा देत नाही.

गेल्या जुलैत कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका घरातून शिसवी आरामखुर्ची आली. वेताची बैठक, पाय टाकायला लांब हात. दोन भावांची वाटणी चालली होती आणि खुर्ची एकच. घरातले सांगत, नवा राजवाडा पुरा झाला तेव्हाची, म्हणजे 1884 ची. हुबेहूब दुसरी करायची, मग चिठ्ठ्या टाकायच्या, असं ठरलेलं.

खुर्ची उलटी करून पुढच्या पायांना कॅलिपर लावला. डावा पाय दोन बाजूंनी मोजला तर पाऊण मिलिमीटरचा फरक. हे बरोबरच आहे, कारण खरादावर गोल काढलेलं लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आटत नाही, वर्षांनी किंचित लांबट होतं. उजवा पाय मात्र बांगडीसारखा गोल. मग बॅटरी मारून आत बघितलं. बैठकीच्या पाटीला पाय धरून ठेवणारा स्क्रू प्लसचा! प्लस स्क्रूचं पेटंटच 1936 चं, तेही अमेरिकेतलं. तळाशी, जमिनीला टेकतो तिथं, पटाशीनं नखभर खरवडलं. आत हळदीसारखं पिवळं.

आमचे बाबूमामा चहा पीत होते. लांबूनच म्हणाले, "फणस हाय त्यो. कात-चुना पाजून वर पॉलिश मारलंय. पर गड्यानं काम काय केलंय बघ."

काम खरंच देखणं होतं. कडी, गळा, खालचा लाडू, सगळं डाव्या पायासारखं. फक्त डाव्याला पाच कडी आणि उजव्याला चार. इतकी वर्षं त्या घरात कुणी मोजली नव्हती.

आता नक्कल कशाची करायची? दोन्ही पाय शिसवी केले तर नवी खुर्ची जुनीपेक्षा अस्सल होणार. भावांना सांगावं, तर आधीच सुरीवर चाललेल्या वाटणीत आणखी एक फोडणी. मी दोन दिवस मागचे पाय आणि हात करत बसलो. शिसवाच्या भुशानं शिंकून शिंकून बेजार झालो, पण पुढच्या पायांना हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी भर पावसात रिक्षातून त्यांची आई उतरली. ऐंशीच्या पुढची, पण चालणं ताठ.

"मिस्त्री, खुर्ची उलटी केलीस?"

"केली, आजी."

"मग कळलं असंल तुला."

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवऱ्यानं खुर्चीच्या हातावर उभं राहून दिवा लावताना पाय मोडला. खुर्चीचा. सासरे पन्हाळ्याला गेलेले, चार दिवसांनी यायचे. दोन रात्री जागून एका सुताराकडून पाय करवून घेतला. शिसव मिळालं नाही, परड्यातला वाळका फणस होता. "मामंजी त्यावरच झोपायचे दुपारी. मरेपर्यंत कळलं न्हाई त्यास्नी." आणि म्हातारी पदर तोंडाला लावून हसली.

"मग नव्या खुर्चीचं काय करू?"

"तिलाबी फणसाचाच लाव. वाटणी सारखी हुईल. पोरास्नी बोलू नको."

फणस मिळायला कोल्हापुरात अडचण नाही. चार कडी काढली, स्क्रूसुद्धा प्लसचाच मारला. पॉलिश मात्र पावसानं अडवलं. लाखेचं पॉलिश दमट हवेत मारलं की वर पांढरी झाक धरते. दोनदा पुसून काढलं, शेवटी दसऱ्यापर्यंत थांबलो.

माझा एक नियम आहे. प्रत्येक नकलेवर आमचा शिक्का आणि साल डागायचं, नाहीतर उद्या कुणीतरी ती जुनी म्हणून विकणार. आजींना तेही सांगितलं. म्हणाल्या, "डाग, पर दिसंल असं नको." मग फणसाच्या पायाचं वरचं कुसू, म्हणजे खाचेत जाणारं टोक, खुर्चीच्या हातात बसवण्याआधी त्याच्या तोंडावर डागलं. सरस सोडवून पाय काढला, तरच दिसेल.

पैसे द्यायला आजी स्वतः आल्या. बिल वाचलं, एका शिसवी पायाचे पैसे वजा केले आणि उरलेले मोजून दिले.