पुणे ते कोल्हापूर: औंधला अर्धा दिवस राखून ठेवा

या पट्ट्यातली संग्रहालयं बघायची तर आधी वार बघा. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय आणि कोल्हापूरचं टाउन हॉल संग्रहालय, दोन्ही सरकारी, सोमवारी बंद. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकणाऱ्यांचा इथेच घोळ होतो. शुक्रवारची टाका.

पुण्यात बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. संग्रहात वीस हजारांवर वस्तू आहेत. मांडलेला भाग त्याहून पुष्कळ कमी, तरी एका फेरीत डोळे शिणतात. दिवे, पाय घासायच्या वज्र्या, वाद्यं, दारं यांतलं एखादं दालन धरा आणि बाकीचं चालता चालता बघा. माझं मत अडकित्त्यांना. घोडे, मोर, माणसं असे नाना आकार आहेत, पण नजर दोन दांड्या जोडणाऱ्या खिळ्यावर ठेवा. खिळा आणि पातं यांतलं अंतर वाढलं किंवा दांड्या आखूड पडल्या, की सुपारी फोडायला जास्त जोर लागतो. हे गणित सांभाळून नटवणं, हे खरं कसब. कोथरूडहून आणून इथे पुन्हा उभारलेला मस्तानी महाल तेवढा चुकवू नका.

साताऱ्यात एसटी स्टँडजवळचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय वाटेत होण्यासारखं आहे. जुलै २०२४मध्ये लंडनहून उसनी आणलेली वाघनखं इथेच मांडली होती. ती पुढे दुसऱ्या शहरांत गेली, त्यामुळे केवळ त्यांच्यासाठी वाट वाकडी करू नका.

औंध मात्र वाट वाकडी करूनच गाठायचं. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे साधारण ४५ किलोमीटर. एसटीने जाणार असाल तर परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेवा, आणि जेवण गावातच उरका. संग्रहालय यमाई देवीच्या डोंगरावर, तिच्या मूळपीठाच्या वाटेवर आहे. पौषातल्या यात्रेत इकडे येणं म्हणजे चित्रांपेक्षा गर्दीच जास्त बघणं.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, आणि सूर्यनमस्काराचे खंदे प्रचारक. चित्रकाराच्या नजरेने जमवलेला संग्रह कसा असतो, ते इथे कळतं. राजा रविवर्म्याची तैलचित्रं आहेत आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं माता-बालकाचं शिल्पही आहे! बहुतेक जण थेट या दोघांकडे धावतात. उलट करा. डोळे ताजे असताना आधी किरातार्जुनीयाची पहाडी शैलीतली लघुचित्रं बघा. शिव-अर्जुनाचं युद्ध तळहाताएवढ्या जागेत कसं बसवलंय हे जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. छोटं भिंग खिशात असू द्या. काचेवर खिडकीचा उजेड चमकला तर समोरून बाजूला सरका, चमक जाते. मोबाइलचा टॉर्च लावू नका. काच आणखी चमकते, आणि प्रखर उजेड जुन्या रंगांना मारक असतो. तैलचित्रांसाठी चार पावलं मागे या. फोटोला परवानगी आहे का, ते तिकीट काढतानाच विचारा.

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरचा टाउन हॉल. तासाभराचं काम. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६मध्ये उत्खनन झालं. तिथला सातवाहनकालीन ऐवज इथे आहे, आणि त्यात पॉसायडन या समुद्रदेवतेची रोमन घडणीची कांस्यमूर्ती. समुद्रापासून इतक्या आत, घाटावर! मूर्ती वीतभरही नाही. मोठा पुतळा शोधणारे तिच्यासमोरून निघून जातात. तिच्याच जोडीला हत्तीवर बसलेल्या स्वारांचं कांस्यशिल्पही बघा.

न्यू पॅलेस हा राजवाडा मेजर मँट या ब्रिटिश वास्तुकाराने आखलेला, १८७७ ते १८८४मध्ये बांधलेला. दरबार हॉल छान, पेंढा भरलेली जनावरं ज्याच्या त्याच्या आवडीची. सुट्टीच्या दिवशी इथे रांगेत वेळ जातो, म्हणून आधी टाउन हॉल उरकावा. उरलेला वेळ राजारामपुरीत, चंद्रकांत मांडरे यांनी चित्रांसकट शासनाला दिलेल्या घरात घालवा. नट म्हणून ठाऊक असलेल्या या माणसाची निसर्गचित्रं, विशेषतः पावडर शेडिंगची, म्हणजे कोरडी पूड कागदावर घासून काढलेली, निवांत बघायला मिळतात.