गाभोळी

सिएटलला पावसाचं कौतुक नाही, पण उन्हाळ्यानंतरची पहिली मोठी सर आली की माझ्या पोटात गोळा येतो.

समुद्रातून शहरातल्या ओढ्यांत परतणारे सॅल्मन मोजायचे, हे माझं काम. अंडी घालून हा मासा मरतोच, त्यामुळे निम्मं काम मेलेल्यांचं. त्या दिवशी आम्ही वेस्ट सिएटलच्या लाँगफेलो ओढ्यात उतरलो, तेव्हा रात्रभर कोसळून पाऊस नुकता थांबला होता. पाणी कोऱ्या चहासारखं. पुलाखाली कोहो जातीची एक मादी, जिवंत. प्रवाहाला तोंड देऊन उभी राहायची सोडून ती पाण्याच्या वरच गिरक्या घेत होती. तोंड वासलेलं, पर ताणलेले. सोबतचे स्वयंसेवक आजोबा तिला सावरायला वाकले. म्हटलं, "राहू दे, उपयोग नाही." वरचा टप्पा मोजून परतलो, तर ती काठाला लागली होती.

पोट कापलं. अंडी घातलेल्या मादीचं पोट रिकाम्या पिशवीसारखं असतं आणि शेपटी झिजून पांढरी पडलेली, कारण शेपटीनेच ती खडीत खड्डा करते. हिची शेपटी शाबूत होती. आत गच्च गाभोळी, नारिंगी, वाटाण्याहून जरा लहान दाणे. फॉर्मवर 'अंडी घातली?' यापुढे 'नाही' लिहिलं आणि हीच पुन्हा मोजली जाऊ नये म्हणून शेपटी छाटली.

पावसानंतर कोहो असे अंडी घालण्याआधीच का मरतात, ते कितीतरी वर्षं कळत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये इथल्याच संशोधकांनी गुन्हेगार पकडला. टायरला ओझोनने चिरा पडू नयेत म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनशी लढताना त्याचं ६पीपीडी-क्विनोन होतं, आणि रस्त्यावर साठलेल्या टायरच्या भुग्यातून ते पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. (मीही तिथवर गाडीनेच गेले होते.) गंमत म्हणजे चम जातीच्या सॅल्मनला त्याच पाण्यात काही होत नाही.

युरोक, पोर्ट गॅम्बल स्क्लालम आणि पुयालप या आदिवासी जमातींनी २०२३ मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याकडे ६पीपीडीवर बंदी मागितली. अर्ज दाखलही करून घेतला गेला. पण टायर काही उद्या बदलत नाहीत. माझा भरवसा मातीवर आहे. रस्त्याचं तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून सोडलं, की कोहो त्यात जगतात. प्रयोगांत ते दिसलंय. रस्त्याकडेला असे मातीचे पट्टे हवेत, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला आधी.

रात्री आईला वेंगुर्ल्याला फोन केला. तिला सॅल्मन म्हणजे रावसच वाटतो. दोघांचं नातं नाही हे सांगून मी थकले. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "आणि त्या गाभोळीचं काय केलंस?"

"तिथेच ओढ्यात सोडली. मेलेला मासा उचलायचा नसतो, त्याच्यावर बाकीचे जीव जगतात."

"एवढी भरलेली?" ती म्हणाली, आणि बराच वेळ काही बोललीच नाही.