"मजेत" च्या पुढे

आज मित्राचा फोन आला, दीड महिन्यांनी. इकडचं तिकडचं बोलला आणि मधेच म्हणाला, "मी नसलो ना तर घरच्यांचं टेन्शनच कमी होईल." आधी हसण्यावारीच नेणार होतो (सवयच आपली!) पण मग सरळ विचारलं, जीव द्यायचे विचार येतायत का रे? असं विचारलं की नसलेलं डोक्यात भरतं म्हणतात, तसं काही नसतं. पलीकडे बराच वेळ शांतता, मग रडला. माणूस माणसांपासून तुटला की धोका वाढतो हे दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्येच लिहिलंय, कॉलेजात मार्कांपुरतं पाठ केलेलं. सल्ले नाही दिले, नुसतं ऐकलं, त्याला विचारूनच बहिणीला कॉलवर घेतलं, ती आज त्याच्याकडेच थांबलीये, उद्या तिघं डॉक्टरकडे जातोय. आत्ता मेसेज आलाय, "झोपतोय, सकाळी उठव."