आखाजी उलटली की

मंगळवार

झोके उतरले, माहेरवाशिणी परतीला लागल्या. खानदेशात हेच दिवस मुलांच्या ताब्याची भांडणं वर येण्याचे. लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते, मुलं सोबत असतात. संसारात आधीपासून धुसफूस असेल तर ती परत जायचं नाव काढत नाही. मग एके दिवशी सासरची चार माणसं येतात आणि ‘आजी आठवण काढते, दोन दिवसांनी आणून सोडतो’ म्हणत मुलाला घेऊन जातात. उलटंही होतं. बाप सुरतेला कामाला, मूल जळगावात आजी-आजोबांकडे वाढलेलं. आई सुट्टीत नेते ती जूनमध्ये पाठवतच नाही.

दोन्हीकडे पुढची पायरी एकच असते, ती म्हणजे बैठक. मामा, काका, पाटील, समाजाचे पंच. ‘शाळा उघडेपर्यंत दम धरा’ असा सल्ला मिळतो, आणि सगळ्यात जास्त नुकसान या दम धरण्यानंच होतं. न्यायालय अंतरिम टप्प्यावर पाहतं ते मूल आज कुठं स्थिरावलंय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मुळे सरकारी आणि अनुदानित शाळेत, दाखला यायचा आहे म्हणून प्रवेश अडवता येत नाही. त्यामुळे जूनच्या मध्याला मुलाचं नाव दुसऱ्या गावच्या पटावर सहज चढतं. ऑगस्टमध्ये अर्ज केला की समोरचा वकील उभा राहून सांगतो, मूल इथं रुळलंय, कशाला हलवता? बैठका हव्या तेवढ्या घ्या, पण अर्ज आधी दाखल करा. अर्ज दाखल असताना तडजोड झाली तर ती न्यायालयासमोर नोंदवता येते. नुसत्या बैठकीत दिलेला शब्द मोडला तर हातात काहीच उरत नाही.

न्यायालयाच्या उन्हाळी सुट्टीचीही भीती नको. सुट्टीतले न्यायाधीश तातडीची कामं ऐकतात. मात्र तातडी काय आहे ते सांगणारा वेगळा छोटा अर्ज लागतो, आणि त्यात ‘मुलाला धोका आहे’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या तारखेला नेलं, शेवटचं बोलणं कधी झालं, कोणतं औषध सुटलंय, शाळा कधी उघडणार, हे लिहावं लागतं.

बुधवार

कोणत्या दारात जायचं, इथंच अर्धी माणसं चुकतात.

सगळे पहिल्यांदा पोलीस ठाण्यात जातात. तिथं ‘घरगुती मामला आहे’ हे ऐकायला मिळतं, आणि कायद्याच्या अंगानं ते पुष्कळ अंशी बरोबर असतं. न्यायालयाचा मनाई आदेश नसताना नैसर्गिक पालक असलेल्या बापानं आपलंच मूल नेलं, तर सहसा अपहरणाचा गुन्हा होत नाही. तरीही लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्यावी. मूल कधी गेलं याचा तो पहिला सरकारी कागद ठरतो. झडती वॉरंटचा मार्गही काही जण सुचवतात. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १००. पण मूल बापाजवळ असणं म्हणजे बेकायदा डांबून ठेवणं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्येच सांगितलंय. तिथं वेळ दवडू नये.

आईसाठी सगळ्यात जवळचं दार तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचं. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, कलम २१ : तात्पुरता ताबा. ती आज माहेरी तात्पुरती राहत असली तरी त्याच तालुक्यात अर्ज चालतो, सासरच्या गावी खेटे घालायला नकोत. कलम २३ खाली समोरच्याला न ऐकता एकतर्फी आदेशही होऊ शकतो. त्यासाठी नियमांतल्या नमुना ३ मधलं शपथपत्र जोडावंच लागतं आणि ते पुष्कळदा राहून जातं. दुसरी अडचण खोलवरची. कलम २१ चा ताबा संरक्षण किंवा इतर दिलाशाच्या अर्जासोबतच मागता येतो. ज्या घरात हिंसाचार झालेलाच नाही, भांडण फक्त मुलाचं आहे, तिथं हा अर्ज ओढूनताणून करू नये. खोटा रंग उलटतपासणीत उतरतो आणि मुलाचा मुद्दाही सोबत बुडतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. साठ दिवसांचं गणित क्वचितच जमतं, पण पहिल्या तारखेसाठी तो आकडा न्यायालयासमोर जरूर ठेवावा.

दुसरं दार कौटुंबिक न्यायालयाचं. जळगावला ते आहे. जिथं नाही तिथं हेच अर्ज जिल्हा न्यायालयात जातात. पालक आणि पाल्य कायदा १८९०, मुख्य मागणी कलम २५ खाली आणि तातडीची कलम १२ खाली. घटस्फोटाचा किंवा नांदायला येण्याचा दावा आधीच चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच दाव्यात अर्ज करावा. बापाला हिंसाचार कायद्याचं दार नाही, त्याला इथंच यावं लागतं. कौटुंबिक न्यायालयात ताब्याच्या अर्जाला ‘डी’ पिटीशनचा क्रमांक पडतो. खिडकीवर चौकशी करताना तो सांगितला की काम लवकर होतं.

हद्द ठरते ती मूल नेहमी कुठं राहतं यावरून. काल-परवा कुठं नेलं हे इथं गौण. अमळनेरला वाढलेली, अंगणवाडी तिथंच झालेली मुलगी मे महिन्यात लिंबायतला नेली म्हणून प्रकरण सुरतेचं होत नाही. पण ती तिथं दोन वर्षं शाळा शिकली तर मग वाद उभा राहतो. बैठकांत दिवस घालवू नयेत याचं हे आणखी एक कारण.

सातपुड्याच्या बाजूला आणखी एक गोष्ट आड येते. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, केंद्र सरकारनं वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या भिल्ल किंवा पावरा कुटुंबाच्या अर्जात कलम २६ टाकून कागद केला तर पहिलीच हरकत त्यावर येते. १८९० चा कायदा आणि हिंसाचार कायदा मात्र सगळ्यांना सारखे. यावल-रावेरच्या तडवी कुटुंबांनाही.

उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची (बेकायदा अडकवलेल्याला न्यायालयासमोर आणण्याची) याचिका, म्हणजे आपल्याकडून छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. ती चालते, पण मूल ज्याच्याजवळ आहे त्याचा ताबा कायद्याच्या आधाराशिवायचा असेल तेव्हा. २०१९ च्या तेजस्विनी गौड प्रकरणात आई वारल्यावर मावशीकडे राहिलेली मुलगी याच मार्गानं बापाकडे आली. आई-बाप दोघं हयात आणि दोघंही नैसर्गिक पालक असताना हा रस्ता फार अरुंद होतो.

गुरुवार

अर्जाचा कागद. यावर कितीही लिहिलं तरी कमीच.

१८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याच्या कलम १० मध्ये काय काय हवं ते नेमून दिलंय : मुलाचं नाव, लिंग, धर्म, जन्मतारीख, नेहमीचं राहण्याचं ठिकाण, मालमत्ता असल्यास ती, सध्या मूल कोणाजवळ, जवळचे नातेवाईक कोण आणि कुठं राहतात, यापूर्वी असा अर्ज कुठं केला होता का. पालक म्हणून नेमणूकही मागायची असेल तर तयारी असल्याचं लेखी निवेदन लागतं, त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. आधीचा अर्ज लपवला आणि तो नंतर निघाला, तर बाकी सगळं खरं असूनही विश्वास उडतो.

कागदपत्रं जमवताना माणसं लग्नाची पत्रिका आणि अल्बम आणतात. खरं कामाचं असतं ते दुसरंच : जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, प्रगतिपुस्तक, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी, पालकसभेच्या वहीतली सही, अंगणवाडीच्या नोंदीची प्रत. लसीकरणाच्या कार्डाकडे जरा नीट पाहावं. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, प्रत्येक रकान्यात तारीख आणि आरोग्य केंद्राचं नाव. ते सगळे शिक्के एकाच उपकेंद्राचे असतील, तर मूल कुठं वाढलं हे दहा साक्षीदारांपेक्षा तो पिवळट पुठ्ठा चांगलं सांगतो. व्हॉट्सअॅपचे निरोप जोडायचे तर साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत द्यावं. कौटुंबिक न्यायालय पुराव्याच्या नियमांत सैल असतं, तरी हरकतीला जागा ठेवू नये.

मजकुरात जोडीदाराच्या दोषांची पानंच्या पानं भरू नयेत. न्यायाधीशांना हवं असतं मुलाच्या दिवसाचं चित्र. सकाळी कोण उठवतं, डबा कोण करतं, शाळा किती लांब, कामाच्या वेळेत घरी कोण असतं, आजारपणात कोण जागतं. दारूचा आरोप करायचा असेल तर त्याचा मुलावर झालेला परिणाम तारखेनं लिहावा. बाकीची उणीदुणी घटस्फोटाच्या दाव्यासाठी ठेवावीत.

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हे १९५६ च्या कायद्याचं कलम ६. रोक्सान शर्मा प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अशा मुलाची आई नालायक आहे हे दाखवण्याचं ओझं बापावर. तिची कमाई कमी आहे हे कारण पुरत नाही, कारण पोटगी त्यासाठीच आहे. पण पाच पूर्ण झाली की मूल आपोआप बापाकडे जातं, हा पारावरचा कायदा आहे. तेव्हाही आणि आधीही कसोटी मुलाच्या हिताचीच, कलम १३. मूल समजदार असेल तर त्याचं मत विचारलं जातं, त्यासाठी ठरावीक वय नाही. न्यायाधीश दालनात एकट्याशी बोलतात. मुलाला पढवून नेऊ नये, ही हात जोडून विनंती. सात वर्षांचं पोर ‘पप्पा माझं भवितव्य घडवू शकत नाहीत’ म्हणालं की कोण बोलतंय ते लगेच कळतं, आणि त्या पोराच्या जिवावर विनाकारण ओझं पडतं.

मुद्रांकावर ‘मुलावर हक्क सांगणार नाही’ असं लिहून दिलेलं असेल तर घाबरू नये. असा फारकतीचा कागद न्यायालयाला बांधत नाही. तो लपवू मात्र नये. कोणत्या परिस्थितीत सही घेतली ते अर्जातच लिहावं.

आता तात्पुरत्या ताब्याचा अर्ज, आपल्याकडच्या बोलीत निशाणी ५ चा. यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकच मागणी करणं. समोरच्याला न ऐकता मूल हातात द्या, असा आदेश पहिल्या दिवशी फार क्वचित होतो. म्हणून मागण्या उतरत्या क्रमानं लिहाव्यात. मूळ अर्जाचा निकाल लागेपर्यंत ताबा. तोवर मुलाला पुढच्या तारखेस न्यायालयात हजर करावं, कलम १२. तोवर जिल्ह्याबाहेर नेऊ नये. शाळा बदलू नये, दाखला काढू नये. रोज सायंकाळी ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल. पहिली मागणी पुढे ढकलली गेली तरी खालच्या तीन-चारांपैकी काही पहिल्याच दिवशी पदरात पडतं, आणि मूल जागच्या जागी राहतं. आईच्या किंवा बापाच्या आवाजाशी तुटलेलं मूल महिन्याभरात किती बदलतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्या व्हिडिओ कॉलची किंमत वेगळी सांगायला नको.

शुक्रवार

तारखा का पडतात? बहुतेक वेळा नोटिशीमुळे. ‘पत्ता अपूर्ण’, ‘घर बंद’, ‘गावी गेले’ अशा शेऱ्यांनी पाकीट परत येतं. सुरतेच्या किंवा पिंपरीच्या पत्त्यात सोसायटी, गल्ली, खूण, कारखान्याचा पत्ता आणि मोबाईल क्रमांक सगळं द्यावं; गावाकडचा पत्ता दुसरा म्हणून जोडावा. नोटिशीचा भत्ता, म्हणजे ती पाठवण्याचा खर्च, त्याच दिवशी भरावा. हमदस्त नोटीस मागावी, म्हणजे पाकीट स्वतःच्या हातानं पोचवता येतं आणि बजावणीचं शपथपत्र लगेच टाकता येतं. समोरच्यानं कॅव्हेट, म्हणजे ‘मला कळवल्याशिवाय आदेश करू नका’ असा अर्ज, टाकून ठेवलंय का ते आधी पाहावं. ते नव्वद दिवस जिवंत असतं आणि असलं तर त्याला कळवल्याशिवाय एकतर्फी आदेश होत नाही.

समोरचा हजर झाला की ‘म्हणणे देण्यास मुदत’ मागतो. मुदतीला विरोध करण्यापेक्षा, मुदत संपेपर्यंत मुलाची भेट मागावी. ही मागणी नाकारणं कोणालाही जड जातं. पुकारा झाल्यावर निघून न जाता रोजनामा, म्हणजे त्या तारखेच्या कामाची न्यायालयातली नोंद, वाचावा. तोंडी झालेलं बोलणं रोजनाम्यात उतरलं नसेल तर पुढच्या तारखेला त्याला आधार नाही.

मधे समुपदेशकांकडे पाठवतात. तिथं झालेलं बोलणं गोपनीय असतं, म्हणून मोकळं बोलावं. न्यायालयानं घरभेटीचा अहवाल मागवला तर घर सजवायची गरज नाही. मुलाची झोपायची जागा, अभ्यासाची जागा आणि घरात कोण कोण असतं, हे खरं दाखवावं.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणतीही बाई थांबू नये. विधी सेवा कायदा १९८७ प्रमाणे स्त्रिया आणि बालकांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातींनाही नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय, तालुक्याला समिती, फोन १५१००.

रविवार

आदेश मिळाला की लगेच नकलेचा अर्ज, आणि एकापेक्षा जास्त प्रती. एक शाळेच्या मुख्याध्यापकांना, एक पोलीस ठाण्याला, दोन्हींची पोच. मूल कुठं, किती वाजता, कोणाच्या उपस्थितीत सोपवायचं हे आदेशात नसेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. नुसतं ‘भेट द्यावी’ असं लिहिलेला आदेश पहिल्याच शनिवारी एसटी स्टँडवर भांडणाला कारण होतो. सोपवताना दप्तर, औषधं, चष्मा आणि लसीकरण कार्डाची प्रत द्यावी आणि साध्या कागदावर यादी करून सही घ्यावी.

समोरचा आदेश पाळत नसेल तर स्वतः जाऊन मूल ओढून आणू नये. तसं केलं की पाळणारा आणि मोडणारा यांतला फरक पुसला जातो. चुकलेल्या प्रत्येक भेटीची तारीख लिहून अंमलबजावणीचा अर्ज करावा, त्यात पोलीस मदत मागावी. कौटुंबिक न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अपील नाही. खंडपीठात रिट याचिका करावी लागते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर मात्र सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील आहे. आणि ताब्याचा कोणताही आदेश कायमचा नसतो. नोकरीचं गाव बदललं, मूल मोठं झालं, दुसरं लग्न झालं, तर त्याच न्यायालयात बदलाचा अर्ज करता येतो, आणि तो करताना भेटीच्या त्या नोंदीच सगळ्यात आधी उघडल्या जातात.