गच्चीवरचा थर्मामीटर, भाग ३: लाइट गेली की डेटाबेस रुसतो
तर मंडळी, गच्चीवरचा सेन्सर मस्त चालून राहिला, डीएस१८बी२० (तापमान मोजणारी चिप) आणि नोडएमसीयू (वायफायवाला छोटा बोर्ड), दर ५ मिनिटाला एक रीडिंग म्हणजे दिवसाला २८८, सगळं खाली जुन्या लॅपटॉपवरच्या पायथनमधल्या फ्लास्क अ‍ॅपला आणि तिथून मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसमध्ये. नवतपाच्या (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) आधी सगळं सेट करायचंच होतं, नाहीतर नागपुरात राहून थर्मामीटर बनवण्यात काय मजा.

पण लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, आणि तो त्याच बोर्डावर जिथे कूलर आहे. लाइट गेली की लॅपटॉप बंद, आली की आपोआप चालू, आणि त्यानंतर ग्राफ सपाट. अ‍ॅप चालू, मायएसक्यूएल चालू, नोंद एकही नाही. मला वाटलं अ‍ॅप आधी उठते आणि डेटाबेस मागून, म्हणून सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू करणारी व्यवस्था) फाइलमध्ये मायएसक्यूएलनंतर सुरू हो असं लिहिलं. काही फरक नाही.

खरं डोकं तेव्हा फिरलं जेव्हा लक्षात आलं की मी टर्मिनलवरून अ‍ॅपच्याच यूजरने मायएसक्यूएलमध्ये शिरलो, टेबल बघितलं, बाहेर आलो, की पुढच्या ५ मिनिटात अ‍ॅप ठणठणीत! काही बदललं नाही, नुसतं बघितलं. डॉक्टरकडे नेलं की पोराचा ताप उतरतो ना, तसं. तीन वेळा झालं हे, काऊन होऊन राहिलं समजेना.

एरर दिसत नव्हती कारण माझ्याच कोडमध्ये एक्सेप्ट लावून (म्हणजे एरर मधेच पकडून) नुसतं 'डीबी एरर' छापत होतो (हो, माहीत आहे, शिव्या घाला). तो काढला तर पायमायएसक्यूएल (पायथनला मायएसक्यूएलशी जोडणारी लायब्ररी) साफ सांगत होतं की कॅशिंग शा-टू पासवर्ड या लॉगिन तपासायच्या पद्धतीसाठी क्रिप्टोग्राफी पॅकेज पाहिजे. नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथन पॅकेजेसचा वेगळा कप्पा) बनवताना ते टाकायचं राहून गेलं होतं.

मग मधेमधे चालायचं कसं? तर मायएसक्यूएल ८.० पासून हाच ऑथेंटिकेशन प्लगिन डिफॉल्ट आहे आणि नावातच कॅशिंग आहे. पहिल्या वेळी पूर्ण तपासणी होते, त्यासाठी टीएलएस (एन्क्रिप्टेड कनेक्शन) नाहीतर सॉकेट (एकाच मशीनमधली आतली वाट) नाहीतर आरएसए (पासवर्ड कुलूपबंद करून पाठवायची पद्धत) लागते, आणि आरएसएसाठीच ते पॅकेज. एकदा कोणी त्या खात्याने नीट शिरलं की सर्व्हर पासवर्डचा हॅश (त्यातून काढलेला ठसा) मेमरीत ठेवतो, मग पुढच्यांना साधी झटपट तपासणी पुरते, तिला पॅकेज लागतच नाही. मी टर्मिनलवरून सॉकेटने शिरत होतो, कॅश मी भरत होतो, फायदा अ‍ॅपला. लाइट गेली, सर्व्हर रीस्टार्ट, कॅश साफ.

एका मित्राने सांगितलं, यूजरला जुन्या नेटिव्ह पासवर्ड पद्धतीवर टाक आणि झोप. नाही टाकलं. मायएसक्यूएल ८.४ मध्ये तो प्लगिन डिफॉल्टने बंद आहे आणि ९.० मध्ये काढूनच टाकला, म्हणजे पुढे अपग्रेड केलं की हेच रडगाणं परत. पॅकेज टाकलं, आणि अ‍ॅप डेटाबेस एकाच मशीनवर आहेत तर १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःचाच नेटवर्क पत्ता) कशाला, म्हणून कनेक्शनमध्ये युनिक्स सॉकेटचा पाथ दिला. टेस्टसाठी लाइट जायची वाट बघू नका, मायएसक्यूएलमध्ये फ्लश प्रिव्हिलेजेस ही कमांड मारली तरी ही कॅश रिकामी होते.

एक काम अजून बाकी. लाइट आल्यावर कधीकधी पहिलं रीडिंग ८५ अंश येतं. आपल्याकडचं ऊन म्हणून क्षणभर खरंही वाटलं, पण ती त्या सेन्सरची पॉवर-ऑनची डिफॉल्ट व्हॅल्यू आहे, मोजायच्या आधीच वाचलं की तीच मिळते. ते गाळायचं आहे.

फ्लश दोनदा मारून बघितलं, दोन्ही वेळा नोंद पडली. तरी मन भरेना म्हणून मेन स्विचच पाडला, भर दुपारी अडीचला. लॅपटॉप उठायच्या आधी आई उठली, "कूलर काऊन बंद केला रे?"